ड्राय बाल्कनी

पुण्या-मुंबईकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्यांसाठी सोडलेली छोटी, अर्धउघडी जागा. नावात ‘ड्राय’ असले तरी न्हाणीघराखालोखाल सर्वांत ओली राहणारी जागा हीच. जेमतेम तीन फूट रुंद आणि पाच-सहा फूट लांब एवढ्यात नळ, सांडपाणी वाहून नेणारा जाळीचा नहाणी ट्रॅप, वॉशिंग मशीनचा पॉइंट, भांडी घासायचे सिंक आणि डोक्यावर कपडे वाळत घालायची पुली असा संसार बसवलेला असतो. बाहेरून कबुतरजाळी. भाड्याने घर बघणारा नवखा माणूस हॉल आणि बेडरूम पाहून खूश होतो. दोन-तीन घरे बदललेला आधी इथे येऊन नळ सोडून बघतो.

चाळीत हे काम खोलीतली मोरी करी. मुंबईतल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची; तिथे धुणे कोपऱ्यात आणि वाळवण गॅलरीतल्या दोरीवर. वाड्यात हौद आणि धुण्याचा दगड सामाईक असे. फ्लॅट आले तेव्हा धुणे बाथरूममध्ये शिरले आणि मशीन आल्यावर तिथे जागा पुरेना.

२०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात कार्पेट क्षेत्रात, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी धरलेली नाही. त्यामुळे बिल्डरच्या पत्रकात ड्राय बाल्कनीचे चौरस फूट बहुधा वेगळे लिहिलेले दिसतात. भाडेकरूला या हिशेबाशी घेणे नसते. त्याचा प्रश्न साधा : मशीन दारातून आत जाईल का? फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते. अडीच फुटी दारातून चौकट आणि सरकती जाळी वजा केली की मशीन उचलणाऱ्यांची बोटे कुठे ठेवायची हा पेच उरतो.

अमेरिकेत घर भाड्याने देताना ‘इन-युनिट लाँड्री’ म्हटले की धुण्याचे आणि वाळवण्याचे अशी दोन्ही यंत्रे घरातच मिळतात, आणि बहुधा ती मालकाचीच असतात. जर्सी सिटीत किंवा एडिसनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सोय चांगलीच ओळखीची. ती नसेल तर तळघरातल्या सामाईक मशीनसाठी नाणी साठवणे आले. आपल्याकडे ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे पंखे, दिवे, गीझर, कपाटे आणि मॉड्युलर किचन. मशीन त्यात क्वचितच. मालक पॉइंट देतो, मशीन भाडेकरूचे. यंत्र एकाचे आणि पाइप दुसऱ्याचा, ही वाटणीच बहुतेक कटकटींचे मूळ आहे.

पहिली कटकट दाबाची. गच्चीवरच्या टाकीपासून नळ जितका खाली, तितका दाब जास्त. दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनना निदान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे टाकीतले पाणी तीन ते पाच मीटर वर हवे. सगळ्यांत वरच्या मजल्यावर ते जमत नाही आणि मशीन पाणी भरत तासभर ताटकळते. मग प्रेशर पंप कोणी बसवायचा? मालक म्हणतो, तुमच्या मशीनसाठी तुम्ही बसवा. भाडेकरू म्हणतो, पंप तुमच्या भिंतीलाच राहणार. बादलीने भरता येणारे सेमी-ऑटोमॅटिक मशीन भाड्याच्या घरांत अजून टिकून आहे, त्यात या वादाचा वाटा असावा. ते हलके असते आणि टेम्पोत सहज चढते.

दुसरी पाण्याच्या जातीची. पुण्याच्या उपनगरांत अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. जड पाण्याचा पांढरा थर आधी नळाच्या तोंडाशी दिसतो, मग मशीनच्या हीटरवर चढतो. घर बघताना नळाकडे नीट पाहिले तर सोसायटीचे पाणी कुठून येते ते विचारावेही लागत नाही.

तिसरी आणि भांडणाची : उतार. मशीन एका दमात बरेच पाणी सोडते. ट्रॅपच्या जाळीत कपड्यांचा लगदा अडकलेला असेल किंवा लादीचा उतार स्वयंपाकघराकडे असेल, तर फेस उंबरा ओलांडतो. दाराशी तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहते हे पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा. एजंटला ती आवडत नाही. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की तक्रार कमिटीकडे जाते. रूढी अशी की मशीनच्या नळीची गळती भाडेकरूने निस्तरायची आणि लादीखालचे वॉटरप्रूफिंग मालकाने. दोन्हींपैकी नक्की काय गळतेय हे लादी फोडेपर्यंत कळत नाही, आणि फोडायला कोणी तयार नसतो.

यातले करारात फारसे उतरत नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार प्रथेने अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. निवासी करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मानून तेही त्यात धरतात. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही पक्षांचे अंगठे घेतो आणि जोडलेल्या यादीत पंखे, ट्यूबलाइट, गीझर मोजून टाकतो. ड्राय बाल्कनीतला नळ आणि ट्रॅप त्या यादीत बहुधा नसतात. पहिल्याच दिवशी तिथले चार फोटो काढून मालकाला पाठवणे शहाणपणाचे.

पावसाळ्यात हीच जागा वाळवणाची होते. पुलीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि जीन्सला कुबट वास धरतो. काही सोसायट्या रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे घालू देत नाहीत. तिथे हॉलमध्ये फोल्डिंग स्टँड उघडतो आणि पाहुणे त्याला वळसा घालून बसतात.

घर सोडताना फ्रंट लोडवाल्यांना ट्रान्झिट बोल्ट आठवतात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यातून मागच्या बाजूला बसवून आलेले हे बोल्ट पहिल्या दिवशी काढून कुठल्या तरी डब्यात ठेवलेले असतात. तो डबा सहसा सामान टेम्पोत चढल्यावर सापडतो. मागे उरतात लादीवर मशीनच्या स्टँडच्या चार पायांचे गंजके डाग, आणि डिपॉझिटमधून त्यांचे किती कापायचे यावरची घासाघीस.