वीज आणि गाडीचे टायर

वळवाचा पाऊस सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'गाडीत बस, टायर रबराचे आहेत, वीज लागत नाही.' सल्ला बरोबर आहे, कारण मात्र साफ चुकीचं.

थोडा विचार करा. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून येते, ती चार बोटं रबरापाशी थांबेल का? वाचवतो तो पत्रा. वीज छतावर पडली तर ती धातूच्या बाहेरच्या अंगानेच खाली वाहते आणि चाकांपाशी जमिनीत उतरते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूच्या पिंजऱ्यात बसून हेच दाखवलं होतं. उलट टायरच फुटू शकतात! काच तडकते, वायरिंग जळतं; आतला माणूस बहुधा सुखरूप राहतो.

हा फरक किरकोळ नाही. टायर तर मोटारसायकललाही असतात आणि ट्रॅक्टरलाही. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात आभाळ गडगडत असताना 'टायर आहेत ना' म्हणून उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहणं जिवावर बेतू शकतं. कापडी छताची जीपही तशीच.

पत्र्याचं बंद छत असेल तर काचा वर घ्या, इंजिन बंद करा, हात मांडीवर. दाराच्या धातूला किंवा चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला हात नको. आणि गाडी चिंचेखाली लावू नका. वळवाच्या वाऱ्यात मोडलेली फांदी टपावर आली, तर फॅरेडेही काही करू शकत नाही.