धार तुटते तो क्षण

डिझेल इंजिन टणटण ठोकायला लागलं की ‘गाडीत दम आला’ म्हणून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं टायमिंग जरा पुढे घ्या, ॲव्हरेज वाढेल, हा सल्लाही त्यातलाच. टायमिंग पुढे घेणं म्हणजे नेमकं काय, हे विचारलं की मात्र गप्प.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अठराव्या हिश्शाइतकी दाबली की साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तीत उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. लगेच नाही, बरं का. तुषारांची वाफ होऊन पेट घ्यायला साधारण एक मिलिसेकंद जातो. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाने क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, तेवढ्यात ९ अंश फिरलेला असतो. शिवाय पंपाचा दाब सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत लाटेसारखा जातो, सेकंदाला सुमारे १३०० मीटर वेगाने. ६५ सेंटिमीटरच्या नळीत त्यालाही अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे आणखी साडेचार अंश. म्हणून पिस्टन टोकाला पोचायच्या बऱ्याच आधी पंपाला काम सुरू करावं लागतं.

फार लवकर सुरू केलं, म्हणजेच टायमिंग जास्त पुढे घेतलं, तर हवा पुरती तापलेली नसते. डिझेल पेटायला उशीर होतो, तोवर ते साचत राहतं आणि मग एकदम भडकतं, तेही पिस्टन अजून वर चढत असताना. ज्याला आपण दम म्हणतो तो ठोका हा. उलट उशीर झाला तर पिस्टन उतरणीला लागलेला असतो; धूर होतो, ताकद पडते आणि उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते.

आता माझा लाडका भाग, पंपाचा प्लंजर. बोटाएवढा पोलादी दांडा, बॅरलमध्ये इतका घट्ट बसलेला की दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचीच. बॅरलला बाजूने भोक असतं, त्यातून डिझेल आत येतं. प्लंजर वर चढताना त्याच्या सपाट माथ्याने ते भोक झाकलं की डिझेल कोंडतं आणि नोझलकडे ढकललं जातं. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच कोरलेली असते. ती भोकासमोर आली की दाब सुटतो, फवारा बंद. ॲक्सिलरेटर दाबला की प्लंजर स्वतःभोवती थोडा वळतो, खाच उशिरा भोकासमोर येते आणि डिझेल जास्त जातं. माथा सपाट असल्यामुळे सुरुवात मात्र हलत नाही. किती द्यायचं ते खाच ठरवते, कधी सुरू करायचं ते माथा. साध्या दांड्यावर एक तिरकी रेघ, आणि दोन कामं वेगळी झाली!

डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधून मायलेज वाढवायला निघालेल्यांनी हा प्लंजर एकदा हातात घेऊन बघावा. चुंबकाचा डिझेलवरचा परिणाम नगण्य असतो, पण प्लंजर झिजला की इंजिन चालू व्हायलाही रडतं.

टायमिंग लावतात तेही याच माथ्यावरून, इंजिन बंद ठेवून. पहिल्या सिलिंडरच्या एलिमेंटवरचा (प्लंजर-बॅरलच्या जोडीवरचा) डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे नोझलकडे डिझेल सोडणारी झडप, काढून तिथे वाकडी नळी बसवायची आणि डिझेल सोडायचं. भोक उघडं असेपर्यंत नळीतून धार लागते. इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँक हळूहळू फिरवत जायचं. धार बारीक होते, तुटते, थेंब थेंब पडायला लागतात. माथ्याने भोक झाकलं तो हा क्षण. या वेळी फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) कंपनीने दिलेला अंश समोर असायला हवा. त्या अंशाची खूण पुढे निघून गेली असेल तर पंप उशिरा चालतोय. पंपाचं अंग त्याच्या शाफ्टच्या उलट दिशेला किंचित फिरवायचं.

पिस्टन टोकाला पोचल्याचं सांगणाऱ्या फ्लायव्हीलवरच्या शून्याच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पिस्टन टोकाला नेमका कधी पोचला ते नजरेला सापडत नाही, कारण १०० मिलिमीटर स्ट्रोक असला तरी तिथल्या एका अंशात पिस्टन जेमतेम मिलिमीटरचा शंभरावा भाग हलतो. म्हणून टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे पिस्टन सारख्याच उंचीवर असताना दोन खुणा करायच्या आणि त्यांचा मध्य धरायचा. धार तुटायची जागा चुकून ओलांडली तर क्रँक नुसता तेवढाच मागे घेऊन भागत नाही, गिअरच्या दात्यांमधली ढिलाई आकडा खोटा करते. चांगला पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं.

पंपाचे नट आवळताना तो केसभर सरकतोच. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंपाची एक फेरी म्हणजे क्रँकच्या दोन, म्हणून आवळून झालं की क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि नळीच्या तोंडाशी पुन्हा थेंबाकडे बघत बसायचं.