एकाच टोपात चौदा जणांचं क्लॅमबेक का फसतं

अलिबागकडची पोपटी खाल्लीय का कधी? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन कोंबायचं, मडकं उपडं घालायचं, भोवती जाळ, आणि पाण्याचा एक थेंबही नाही, जी काय वाफ होते ती पाल्यातली नि शेंगांतलीच. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेन, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड या भागात क्लॅमबेक करतात ते मला पोपटीचं चुलत भावंडच वाटतं. वाळूत खड्डा, त्यात लाकडं पेटवून दगड तापवायचे, वर ओलं समुद्रशेवाळ, त्यावर शिंपले, लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड (त्यांच्याकडची नांग्यांवाली), कणसं, बटाटे आणि वरून भिजवलेली ताडपत्री. नाव बेक असलं तरी काम सगळं वाफेचं.

दगडाचा हिशोब मजेशीर आहे. एक किलोचा दगड ४०० डिग्रीवरून १०० वर आला की साधारण २४० किलोज्यूल उष्णता सोडतो, तेवढ्यात जेमतेम १०० ग्रॅम पाण्याची वाफ होते, म्हणून तर खड्डाभर दगड लागतात. आणि ते कोरडे हवेत, नदीतले ओले उचलून आणले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो नि तुकडे उडतात.

आता घरी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चौदा माणसं, एकच मोठा टोप, सात किलो ऐवज गळ्यापर्यंत भरलेला. वाफ काम कसं करते बघा, ती गार शिंपल्यावर बसते, तिचं पाणी होतं आणि पाणी होताना एका ग्रॅममागे २२६० ज्यूल तिथेच सोडून जाते. सात किलो माल फ्रीजमधून काढून गरम करायचा तर सुमारे ७०० ग्रॅम वाफ त्यावर बसायला हवी. घरचा बर्नर तीन किलोवॅटचा धरला आणि अर्धी उष्णता किचनच्या हवेत गेली तर नुसतं तापायलाच सतराअठरा मिनिटं, शिजणं पुढेच. त्यात मी दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघतोय! झाकण उघडलं की गार हवा आत शिरते, आणि वाफेत हवा मिसळली की तिला पदार्थावर नीट बसता येत नाही. मोदक उकडताना आई ओरडायची ते उगाच नाही. शेवटी खालचे शिंपले रबर, वरचे कोमट. तेव्हापासून दोन टोप, दोन शेगड्या, आणि बटाटे आधी घालायचे कारण जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत उष्णता पोचायला चौपट वेळ लागतो.

शिंपला उघडतो कसा? बिजागरीशी एक लवचिक पट्टी असते, ती कायम स्प्रिंगसारखी उघडायला बघते, आतले दोन स्नायू तिला ओढून धरतात, उष्णतेनं त्यांची पकड गेली की टक्. पण उघडला म्हणजे शिजला असं नाही हं. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणू, ६३ डिग्रीपर्यंत तग धरू शकतो, म्हणून उघडल्यावरही अजून काही मिनिटं वाफ द्यायची. आणि लाल भरतीतलं, म्हणजे समुद्रात सूक्ष्म शैवाल फोफावतं तेव्हाचं, सॅक्सिटॉक्सिन हे विष तर कितीही उकळा जात नाही, १९७२ मध्ये अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावर ते मोठ्या प्रमाणावर आलं होतं, त्यामुळे शिंपले कुठून आणले हेच महत्त्वाचं.

शिंपल्यांतली वाळू काढायला लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून समुद्राएवढं खारट पाणी करा आणि त्यात तासदोन तास ठेवा, गोड्या पाण्यात ते मरतात. तरी मऊ कवचाच्या शिंपल्यांत कचकच उरतेच, म्हणून तिकडे टोपातल्या रसाचा एक कप शेजारी देतात, शिंपला त्यात हलवून धुवायचा मग वितळलेल्या बटरमध्ये बुडवायचा. आमच्या एका काकांना हे कुणी सांगितलंच नाही, त्यांनी तो कप सोलकढीसारखा घटाघट पिऊन टाकला, मस्त झालंय म्हणाले, फक्त शेवटचा घोट जरा रेताड लागला.