खाडीला सातबारा नाही

नाशिकमध्ये ‘कालवे’ म्हटलं की गंगापूर धरणाचा डावा कालवा आठवतो आणि पुढचा प्रश्न येतो, ‘आवर्तन कधी सुटणार?’ घाट उतरून कोकणात गेलं की तोच शब्द खडकाला घट्ट चिकटलेल्या, खरबरीत कवचाच्या जिवाचा, इंग्रजीतल्या ऑयस्टरचा होतो. इथे बोलायचं आहे ते या दुसऱ्या कालवांबद्दल. शेततळ्यात मोती पिकवण्याची जी प्रशिक्षणं होतात ती गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची. तो प्राणी वेगळा आणि ते प्रकरणही वेगळं.

भारतात कालवांची शेती करून पाहण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने 1910 च्या सुमारास मद्रासजवळच्या पुलिकत सरोवरात तसा प्रयत्न केला होता. नेटाने काम सुरू झालं ते मात्र 1970 च्या दशकात, तामिळनाडूतल्या तुतिकोरिनला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडून. पुढे हॅचरीत, म्हणजे बीज उबवण्याच्या केंद्रात, बीज तयार करण्याचं तंत्रही बसवलं गेलं. 1990 च्या दशकात केरळच्या अष्टमुडी सरोवरात पद्धत स्थिरावली आणि महिला बचत गटांनी ती उचलली.

पद्धत ऐकायला अगदी सोपी. कालवांची पाच-सहा रिकामी कवचं दोरीत वीतभर अंतराने ओवायची आणि अशा माळा खाडीत रोवलेल्या बांबूच्या मांडवाला टांगायच्या. द्राक्षाचा मांडव पाहिलेल्याला वेगळं चित्र काढून दाखवायला नको, इथे घड पाण्याखाली असतात एवढंच. पाण्यात दोन-तीन आठवडे तरंगलेली अळी कडक पृष्ठभाग शोधते, स्वतःच्याच चिकट द्रवाने तिथे कायमची डकते आणि वाढू लागते. खत नाही, खाद्य नाही, फवारणी नाही. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खात कालव जगतं आणि आपल्या उष्ण पाण्यात सात-आठ महिन्यांत विक्रीजोगं होतं. फ्रान्समध्ये यालाच तीन वर्षांच्या आसपास लागतात.

मग घोडं अडतं कुठे? पहिली अडचण वजनाची. दहा किलो कालवं उकडून फोडली तर मांस निघतं जेमतेम किलोभर, आणि ते एकेक करून सुरीने काढावं लागतं. दुसरी पावसाची. नद्यांचं गोडं पाणी खाडीत उतरलं की खारेपणा कोसळतो, म्हणून माल पावसाआधी काढावाच लागतो. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भावाचं काय होतं, हे लासलगावच्या कांद्यावाल्याने कोकणाला सांगायला हवं असं नाही.

पण खरी अडचण मला वाटते ती भरवशाची. कालव पाणी गाळतं म्हणजे पाण्यात जे असेल ते पोटात घेतं, सांडपाण्यातले जंतूसुद्धा. 1924 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये विषमज्वराची साथ आली. सुमारे दीड हजार माणसं आजारी पडली, दीडशे दगावली, आणि माग काढता काढता तो दूषित कालवांपर्यंत पोचला. अमेरिकेतला धंदा त्या धक्क्याने हादरला. त्यातूनच 1925 मध्ये तिथली शिस्त जन्माला आली: पाण्याची तपासणी करून पट्टे ठरवायचे, घाण पट्ट्यातला माल उचलायचा नाही आणि माल कुठल्या पाण्यातून आला याची नोंद ठेवायची. आज बाहेर अनेक ठिकाणी कालवं विकण्याआधी निर्जंतुक केलेल्या पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवून त्यांचं पोट साफ करून घेतात. आपल्याकडे अशा सोयी फार थोड्या.

हीच गोष्ट नाशिकने दुसऱ्या पिकात अनुभवली आहे. 2003 मध्ये आपल्या द्राक्षांत युरोपात कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातीला खीळ बसली. 2006 पासून अपेडा या केंद्राच्या कृषिमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था आली: बागेची नोंदणी, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाने, बागायतदारांच्या तोंडी ‘सीसीसी’ने, पुन्हा झटका दिला. तरी व्यवस्था टिकली, कारण बाग कुठे आहे, कुणाची आहे, हे गट नंबरावरून सांगता येत होतं.

खाडीत नेमकं हेच नाही. भरती-ओहोटीचं पाणी सगळ्या गावाचं. त्यातून होड्या जातात, जाळी लागतात. तिथे मांडव घालणाऱ्याकडे दाखवायला सातबारा नसतो. सातबारा नाही म्हणून बँक कर्जाला नाक मुरडते, विमा मिळणं अवघड, आणि रात्री कुणी माळा कापून नेल्या तर तक्रार तरी कोणत्या हक्काने करायची? महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा मुळात मासेमारीचा. पाण्यात पीक घेणारा माणूस तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. पुढे सिंधुदुर्गात आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून किनाऱ्यावर इतरत्र कालवं, काकई नावाचे शिंपले, खेकडे यांची शेती करणारे गट उभे राहिले. ते अनुदानावर उभे राहिले, हे कबूल करावं लागेल.

पाण्याचे पट्टे भाडेपट्ट्याने देण्याची गोष्ट राष्ट्रीय सागरी संवर्धन धोरणाच्या, म्हणजे समुद्रातल्या शेतीच्या धोरणाच्या, 2019 च्या मसुद्यात आली. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून शिंपलावर्गीय शेतीला अर्थसाहाय्याची दारं उघडली. पैसा आधी आला आणि पट्टा मागे राहिला. नाशकात बागेची नोंदणी करायला गेलेल्याला सगळ्यात आधी उतारा मागतात.