पीएलसीवरचा व्हेंटिलेटर : ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

२०२० मध्ये कोविडच्या काळात व्हेंटिलेटर कमी पडले, तेव्हा कारखान्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून ते बांधण्याचे प्रयत्न जगभर झाले. त्यात पीएलसीही (कारखान्यातली यंत्रे चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) वापरले गेले. आजही इंजिनिअरिंग कॉलेजे, स्टार्टअप आणि रुग्णालयांचे बायोमेडिकल विभाग पीएलसीची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या आम्हाला विचारतात, तुमचे पॅनेल व्हेंटिलेटरला चालेल का?

वेगाची अडचण नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर एक श्वास ४ सेकंदांचा. १:२ प्रमाण ठेवले तर साधारण १.३ सेकंद हवा आत आणि उरलेला वेळ बाहेर. १० मिलिसेकंदांचा स्कॅन (प्रोग्रॅमची एक फेरी) असलेला साधा पीएलसीही एका श्वासात ४०० वेळा दाब तपासू शकतो. अडते ते सेन्सरचा सिग्नल वाचणाऱ्या ॲनालॉग कार्डापाशी. स्वस्त कार्डातले फिल्टर सिग्नलला उशीर लावतात. रुग्ण स्वतः श्वास ओढू लागला की दाब जेमतेम १-२ सेंटिमीटर पाण्याइतका उतरतो. तो वेळेत टिपला नाही, तर यंत्र एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे, अशी झटापट सुरू होते. म्हणून सीपीयूपेक्षा कार्डाची निवड आम्ही जास्त काळजीने करतो.

बंद पडले तर?

आमच्या धंद्याची सवय अशी, की बिघाड झाला की सगळे आउटपुट बंद. प्रेस थांबला की कामगार सुरक्षित. आयसीयूत मात्र यंत्र थांबणे हाच धोका असतो, त्यामुळे वायरिंगचा विचारच उलटा करावा लागतो. वीज गेली की हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह मिटला पाहिजे, उच्छ्वासाचा उघडा राहिला पाहिजे आणि रुग्णाला खोलीतली हवा ओढता यावी म्हणून वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह हवा. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही यांत्रिकच असावा, प्रोग्रॅमवर विसंबलेला नको. अलार्म पीएलसीच्या भरवशावर ठेवू नका. पीएलसीने बाहेरच्या वॉचडॉग रिलेला (पीएलसी चालू आहे ना, यावर नजर ठेवणाऱ्या स्विचला) सतत पल्स द्यायची. ती थांबली की स्वतःच्या बॅटरीवरचा बझर वाजलाच पाहिजे. पॅनेल देण्याआधी, कृत्रिम फुप्फुसात हवा जात असतानाच आम्ही सीपीयूची वीज तोडतो आणि हे सगळे क्रमाने घडते का ते तुमच्यासमोर पाहतो. खाटेशेजारी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) मात्र नेहमीच हवी.

हवेची आणि विजेची लाइन

कारखान्यातल्या न्यूमॅटिक (दाबाच्या हवेच्या) लाइनवर फिल्टर आणि रेग्युलेटरसोबत हवेत तेल मिसळणारा ल्युब्रिकेटर बसवायची पद्धत आहे. इथे तो चालणार नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागू शकते. व्हॉल्व्ह, सील आणि नळ्या ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेल्याच घ्या. कारखान्यातले जुने सुटे भाग पुसून वापरू नका. पॅनेलमधला नेहमीचा २४ व्होल्टचा एसएमपीएसही (वीजपुरवठा करणारा भाग) पुरत नाही. रुग्णाला जोडलेल्या यंत्राला वैद्यकीय दर्जाचे आयसोलेशन (मेनच्या विजेपासून रुग्णाला वेगळे ठेवणे) लागते, आणि मेन गेल्यावर किमान अर्धा तास चालेल एवढी बॅटरी आतच लागते.

परवाना

भारतात व्हेंटिलेटर हे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ नुसार क वर्गाचे उपकरण आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून या वर्गाला परवाना सक्तीचा आहे. आमचे पॅनेल टेस्ट सर्टिफिकेट किंवा पीएलसीवरची युरोपातली सीई खूण त्याची जागा घेत नाही. आयएसओ ८०६०१-२-१२ प्रमाणे यंत्राची आणि आयईसी ६२३०४ प्रमाणे सॉफ्टवेअरची कागदपत्रे तयार करावी लागतात. पीएलसीत लिहिलेला लॅडर प्रोग्रॅमही त्यात आला. अनेक पीएलसी उत्पादक मॅन्युअलमध्येच लिहितात, की जीवरक्षक उपकरणात वापरण्याआधी आमच्याशी बोला. ते पान आधी वाचा.

प्रोटोटाइप, विद्यार्थ्यांचा प्रशिक्षण संच किंवा व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने चालवून तपासणारा टेस्ट बेंच हवा असेल, तर पीएलसीसारखे सोयीचे दुसरे काही नाही. ते काम आम्ही लगेच घेतो. रुग्णावर लावायच्या यंत्राचे काम मात्र परवान्याची जबाबदारी घेणारी कंपनी आणि भूलतज्ज्ञ सोबत असतील तरच घेतो.

चौकशी करताना कळवा : व्हॉल्यूम मोड (ठरावीक हवा) की प्रेशर मोड (ठरावीक दाब), गॅस सिलिंडरमधून येणार की रुग्णालयाच्या पाइपलाइनमधून, आणि परवाना कोणाच्या नावावर असेल.