जेम्स वेल्स आणि पुण्याचा दरबार : पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे 1747 मध्ये जन्मलेला आणि बराचसा स्वतःच्या अभ्यासावर घडलेला चित्रकार जेम्स वेल्स 1791 मध्ये मुंबईत उतरला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील कंपनीच्या वकिलाच्या, आश्रयाने त्याला सवाई माधवरावांच्या दरबारात प्रवेश मिळाला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना त्याने प्रत्यक्ष पाहून रंगवले. नानांचा शिडशिडीत, गंभीर चेहरा आज आपल्याला ओळखीचा वाटतो, त्याचे मोठे श्रेय याच बैठकांना जाते.

खरा वाद आहे तो दरबाराच्या भव्य चित्राचे श्रेय कुणाचे याबद्दल. टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या 1790 च्या तहाचा प्रसंग रंगवण्याचे काम रेसिडेंटने वेल्सकडे सोपवले होते. तहाच्या वेळी तो हिंदुस्थानात नव्हताच. म्हणून त्याने एकेका सरदाराला, मुत्सद्द्याला समोर बसवून चेहऱ्यांची अभ्यासचित्रे जमवली आणि त्यांवरून प्रसंग उभा करायचे ठरवले. हे काम पुरे होण्याआधीच तो वारला. अखेर 1805 मध्ये लंडनमध्ये थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने वेल्सच्या रेखाटनांवरून चित्र पूर्ण केले आणि ते डॅनियलच्या नावावर नोंदले गेले. कुंचला डॅनियलचा होता हे मान्य केले, तरी ज्यांमुळे हे चित्र मराठी इतिहासाला मोलाचे वाटते ते चेहरे वेल्सने टिपलेले आहेत, आणि नोंदीत त्याचे नाव बरोबरीने यायला हवे.

वेरूळच्या लेण्यांची त्याच्या रेखाटनांवरून केलेली चित्रे 1803 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही डॅनियलच्याच देखरेखीखाली. मुंबई परिसराच्या बारा दृश्यांचा संच त्याआधी, 1800 च्या सुमारास, निघाला होता. त्यात माझगावच्या टेकडीवरून दिसणारे बंदर आहे. पुण्याचा गंगाराम तांबट हा कसबी चित्रकार त्याच काळात रेसिडेंटसाठी लेण्यांची चित्रे काढत होता आणि वेल्सच्या कामातही त्याचा हात होता, पण त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवरावांचा अंत झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, वेल्सही ठाण्यात वारला. रेसिडेंटने 1799 मध्ये त्याच्या मुलीशी लग्न केले, त्यामुळे त्याची चित्रे व कागद एका घराण्यात टिकून राहिले. त्यांतील मोठा भाग आता अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संग्रहात आहे.