‘गुलाबी साडी’च्या आधीची बहात्तर वर्षे

२०२४ च्या सुरुवातीला ‘गुलाबी साडी’ हे गाणे मराठी मुलखाबाहेरही वाजू लागले. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला, याचा खानदेशातल्या तरुणांना अभिमान वाटला; साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेक रसिकांना मात्र या अभिमानात सहभागी होणे थोडे जड गेले. गाणे वरातीत वाजते, नातवंडांच्या मोबाइलवर वाजते, गायकही आपल्याच जिल्ह्यातला आहे, आणि तरी हे आपले संगीत नव्हे, अशी त्यांची भावना आहे. ही नाराजी वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होता येते. परंतु तिच्यामागे एक इतिहास आहे, आणि तो सुरांइतकाच गाणे कोणाच्या हातून आपल्या कानापर्यंत येत होते याचाही आहे.

त्या इतिहासाची सुरुवात १९५२ पासून करणे सोयीचे ठरते. त्या वर्षी बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीते श्रोत्यांची अभिरुची बिघडवतात, त्यांच्यावर पाश्चात्त्य छाप आहे, अशा भूमिकेतून आकाशवाणीवरचा त्यांचा वेळ आटत आटत जवळजवळ संपला. श्रोते गप्प बसले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील केंद्राकडे, फिरवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज जळगाव, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार अशा कापसाच्या बाजारपेठांच्या गावांतही घरोघरी ओळखीचा झाला. घरोघरी म्हणणे तसे अतिशयोक्तीचेच, कारण रेडिओ मोजक्या घरांत होते. बाकीचे लोक बुधवारी रात्री हॉटेलच्या किंवा दुकानाच्या ओट्यावर बसून, लघुलहरींवर आवाज कमीजास्त होत असताना, कान देऊन ऐकत. सरकारलाही अखेर माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची चित्रपटगीते वाजवणारी विविध भारती सुरू झाली. आज जी गाणी ‘सुवर्णकाळातील’ म्हणून सांगितली जातात, त्यांतली कितीतरी त्या काळच्या सरकारी मतानुसार उथळ होती, हे आजच्या ज्येष्ठ रसिकांना ठाऊक असले तरी वादाच्या वेळी ते सहसा कोणी काढत नाही. (हार्मोनियमची गोष्ट तर याहून गमतीची आहे. खानदेशातल्या प्रत्येक भजनी मंडळात दिसणाऱ्या या पेटीवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली.)

लता मंगेशकरांचे उदाहरण खानदेशाला विशेष जवळचे आहे. शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे थाळनेर हे त्यांचे आजोळ, आणि त्या भागातले लोक ही गोष्ट आजही आवर्जून सांगतात. याच लताबाईंचा आवाज चाळीसच्या दशकाच्या अखेरीस निर्माते शशधर मुखर्जी यांना फार बारीक वाटला होता. नूरजहाँ, शमशाद बेगम यांच्या भरदार गळ्यांची सवय झालेल्या कानांचा तो निवाडा होता, आणि त्या कानांच्या दृष्टीने तो प्रामाणिकच होता. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी प्रथम निघाली तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. ज्या आवाजाला आज प्रमाण मानून नवे गायक मोजले जातात, तो आवाज एकेकाळी नवा, निनावी आणि काहींना न रुचलेला होता.

तरीही ज्येष्ठांचे म्हणणे केवळ सवयीचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळात गाणे अनेक हातांतून गाळून येत असे. कवी, संगीतकार, वाद्यमेळ बांधणारे संयोजक, चित्रपटाचा निर्माता, तबकड्या काढणारी कंपनी आणि शेवटी रेडिओ, या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘हे पुन्हा करा’ म्हणणारा असे. शब्द कळतील असे गायले जात, कारण ते तसे गायले जावेत हा आग्रह धरणारी माणसे पगारावर होती. मात्र गाण्याची लांबी तेव्हाही कलावंताच्या मर्जीवर नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेतीन मिनिटेच मावत असत. आज रीलसाठी गाणे आखूड होते म्हणून जी कुरकूर ऐकू येते, तिचे मूळ यंत्राच्या अशाच एका मर्यादेत आहे.

खानदेशाच्या बाबतीत खरा पेच या चाळणीतच आहे, कारण या चाळणीने अहिराणीला, म्हणजे खानदेशच्या बोलीला, जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा ‘खानदेशी’ या नोंदीखाली आली आहे. तरीही तबकडी आणि रेडिओच्या ऐन बहरात या बोलीची गाणी व्यापाराच्या दृष्टीने नगण्य राहिली. ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांवर, कानबाई या देवीच्या उत्सवात, हळदीच्या रात्री आणि तमाशाच्या फडात जगत होती. अपवाद म्हणून आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या निधनानंतर, पुन्हा १९५२ मध्येच, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता प्रसिद्ध झाल्या आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतातून त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. परंतु त्यांची लेवा बोली मराठी वाचकाला थोड्या प्रयत्नाने कळते. अहिराणीच्या वाट्याला तशी सवलत आली नाही. म्हणून घरात अहिराणी बोलणारा, ‘हाई काय गाणं शे?’ असे नव्या गाण्याबद्दल अहिराणीतच विचारणारा ज्येष्ठ रसिक ज्या संगीताला सर्वोच्च मानतो, त्यात त्याची स्वतःची भाषा नव्हती.

पुढचे टप्पे भराभर आले. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, गुलशन कुमार यांची टी-सिरीज वाढली आणि मूळ गायकाऐवजी दुसऱ्याच्या आवाजात जुनी गाणी विकली जाऊ लागली; आजच्या ज्येष्ठांनी, जे तेव्हा ऐन विशी-तिशीत होते, त्याही वेळी नाके मुरडली होती. पण याच कॅसेटमुळे बसस्थानकाजवळच्या टपरीवर बोलीभाषेतले गाणे विकत मिळू शकते, हे प्रथम दिसले. १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटातील ए. आर. रहमान यांच्या संगीताने ध्वनिमुद्रणाची घडी बदलली, आणि १९९४ मध्ये गीतमाला थांबली.

दुसरे वळण २०१६ चे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला आणि सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइल इंटरनेट स्वस्त केले. त्यानंतर गाणे बनवणाऱ्याला मुंबईचे दार ठोठावण्याची गरज राहिली नाही. खानदेशातल्या मुलांनी शेतात, तापीच्या पुलावर, गावच्या वेशीवर चित्रण करून अहिराणी गाणी यूट्यूबवर टाकली, आणि ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणे तर अहिराणीचा एक शब्दही न कळणाऱ्या लोकांच्या लग्नांत वाजले. बोलीची लाज वाटण्याचे दिवस पाहिलेल्या पिढीला हे पाहून समाधानही वाटते आणि संकोचही वाटतो. चाळणी गेली म्हणून अहिराणी आत आली. आणि चाळणी गेली म्हणूनच एकाच ठेक्यावरची, एकाच यमकाची दहा गाणीही तिच्याबरोबर आली. ज्येष्ठ रसिक बहुधा दुसरी गोष्ट मोठ्याने बोलतात आणि पहिली मनात ठेवतात.

या सगळ्या आक्षेपांत माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप संगीताचा नाहीच, आणि तो घेण्याचा अधिकार पुरुषांपेक्षा घरातल्या वयस्क बायकांना अधिक आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून जी गाणी म्हणत, त्यांत बाई स्वतः बोलत असे. भावाची वाट पाहणे, आईची आठवण, सासरच्या माणसांना मारलेले टोमणे, हे सगळे तिच्या तोंडचे असे, आणि ते ऐकायला पुरुष जवळपास नसले तरी चालत असे. आज गाजलेल्या बहुतेक अहिराणी गाण्यांत बोलतो तो मुलगा, आणि बाई म्हणजे तिचा झुमका, तिचा गॉगल, तिची साडी. आखाजीची ती गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, त्या बायका अजून गावोगाव आहेत, आणि नातवाच्या हातात ध्वनिमुद्रणाला पुरेल असा मोबाइलही आहे.